पुसण्यापूर्वी वाचा : जुन्या विलायती बंदुकांवरील मुद्रांची भाषा

(खंडेनवमीच्या आदल्या सायंकाळी केळवे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले आहेत.)



उद्या खंडेनवमी. आपल्या वाड्यांमधून उद्या कोयते, विळे, कुदळी, पहारी धुऊन-पुसून पाटावर मांडल्या जातील. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, तेथे तीही बाहेर निघेल. तिला तेल लागेल, हळदकुंकू लागेल, झेंडूची माळ पडेल. ही परंपरा मला प्रिय आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ शस्त्रांच्या तपासणीत घालवली; तेव्हा शस्त्राला नमस्कार करण्याचे संस्कार आणि शस्त्राकडे संशयाने पाहण्याचे शिक्षण, ही दोन्ही माझ्या अंगी आहेत. आज मी त्या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलणार आहे. कारण दरवर्षी या दिवशी, निव्वळ भक्तिभावाने, आपण एक फार मौल्यवान गोष्ट नष्ट करीत आलो आहोत. ती म्हणजे शस्त्रावरची अक्षरे.

आरंभ माझ्याच अपराधाने करतो. आमच्या आजोबांची एक दुनळी बंदूक होती. घोड्यांची, बारा बोअरची. वाडीत डुकरे उतरत, त्यासाठी तिचा परवाना. घरात तिची ख्याती मोठी. 'सत्तावन सालच्या बंडातली बंदूक' म्हणून ती पाहुण्यांना दाखवली जाई. मी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो, त्या वर्षी दसऱ्याला घरी आलो आणि नव्या विद्येच्या उत्साहात नळ्या उतरवून एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बफिंगच्या चाकावर धरल्या. उजव्या नळीचा खालचा सपाट भाग आरशासारखा झाला. डावीकडे वळणार तोच आईचा निरोप आला, की पान वाढले आहे. मी जेवायला गेलो. त्या जेवणाने आमच्या घराण्याचा निम्मा इतिहास वाचला, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले.

सुटी संपवून मी कामावर परतलो आणि आमच्या वरिष्ठ तपासनीसांना मोठ्या अभिमानाने ही हकीकत सांगितली. ते गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "तिथं काही खुणा होत्या का?" मी म्हणालो, "होत्या, बारीकसारीक, गंजलेल्या. सगळ्या घालवल्या." ते म्हणाले, "बाळा, तू जन्मदाखला पुसलास."

चाचणी म्हणजे काय?

तो जन्मदाखला कसला, ते आता सांगतो. बंदुकीची नळी हे मूलतः एक भांडे आहे. त्यात दारू पेटते आणि क्षणार्धात प्रचंड दाब निर्माण होतो. नळीच्या पोलादात एखादी भेग, पोकळी, राखेचा थर राहून गेला असेल, तर नळी फुटते. आणि ती फुटते तेव्हा समोरच्या शिकारीला काही होत नाही, धरणाऱ्याचा हात जातो. डोळ्यांनी पाहून हा दोष कळत नाही. म्हणून युक्ती अशी, की बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती जाण्यापूर्वीच, माणसाला दूर ठेवून, नेहमीपेक्षा कितीतरी अधिक भार घालून ती उडवावयाची. टिकली तर आतून-बाहेरून पुन्हा तपासावयाची. नळी कोठे फुगली नाही, जोड सुटला नाही, असे दिसले म्हणजेच तिच्यावर पोलादी ठशाने मुद्रा उठवावयाची. यालाच इंग्रजीत 'प्रूफ' म्हणतात. आपण चाचणी म्हणू.

लंडनमध्ये बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली आणि लंडनच्या परिसरातील बंदुका तपासण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. त्यांची मुद्रा मुकुटाखाली एकमेकांत गुंफलेली 'जी' आणि 'पी' ही अक्षरे. म्हणजे गनमेकर्सची चाचणी. दुसरी मुद्रा मुकुटाखाली 'व्ही'. म्हणजे 'व्ह्यूड', नजरेखालून गेलेली. पुढे बर्मिंगहॅम हे बंदुकांचे प्रचंड उत्पादनकेंद्र झाले. तेथे १८१३ साली संसदेच्या कायद्याने स्वतंत्र चाचणीगृह स्थापन झाले आणि चाचणीवाचून नळी विकणे हा गुन्हा ठरला. बर्मिंगहॅमची मुद्रा निराळी : मुकुटाखाली दोन राजदंड फुलीसारखे एकमेकांना छेदणारे. त्या फुलीच्या कोनांत 'बी', 'पी', 'सी' ही अक्षरे असली तर ती चाचणीची मुद्रा, आणि केवळ 'व्ही' असले तर तपासणीची.

ही गोष्ट कोणत्या काळातली आहे, इकडे लक्ष द्या. १६३७ म्हणजे शिवरायांचे बालपण. १८१३ म्हणजे पेशवाईच्या अस्ताला अवघी पाच वर्षे उरलेली. आपल्या कारागिरांचे कसब कमी नव्हते. पोलादाच्या लहरी उमटवणाऱ्या हिंदुस्थानी नळ्या जगाच्या संग्रहालयांत आजही मानाने ठेवलेल्या आहेत. परंतु प्रत्येक नळी एकाच मापाने जोखणारी, कारागीर कितीही नामांकित असो, त्याच्या मालावर आपली मुद्रा उठेपर्यंत तो विकू न देणारी आणि राजे बदलले तरी शतकानुशतके टिकणारी संस्था आपल्याकडे उभी राहिली नाही. आपण गुणी माणसांवर विसंबलो. त्यांनी गुणी माणसांवरही विश्वास न ठेवण्याची पद्धत बसवली. परकीयांचे राज्य आपण झुगारले, ते योग्यच झाले. त्यांच्या या शिस्तीचा मात्र अभ्यास करण्यात कोणताही कमीपणा नाही.

आधी तोफ, मग बंदूक

अंकांची भाषा कशी बोलते, ते समजण्यासाठी क्षणभर आपल्या किनाऱ्याकडे वळू. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आली. तारापूरच्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा वीर पडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. आपला सुरूच्या बनातला भुईकोट आणि खाडीच्या मुखावरचा पाणकोट त्या दिवसांचे साक्षीदार आहेत. अशा किल्ल्यांवर आपण फिरतो, तोफांवर हात ठेवून छायाचित्रे काढतो. परंतु तोफ वाचीत नाही.

कोकणच्या कोणत्याही किल्ल्यावर ब्रिटिश बनावटीची जुनी लोखंडी तोफ आढळली, तर तिच्या मागच्या भागावर आडव्या रेघांनी तोडलेले तीन आकडे शोधा. समजा, '३१–२–१४' असे आहे. पुष्कळजण याला तारीख समजतात. ते वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा; दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा, म्हणजे २८ पौंडांचा; तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब करा : ३४७२ अधिक ५६ अधिक १४, एकूण ३५४२ पौंड, म्हणजे सुमारे १६०० किलो. मधला आकडा तीनपेक्षा मोठा कधी नसतो आणि शेवटचा सत्ताविसापेक्षा. हे एकदा ध्यानात आले, की कोणतीही तोफ आपल्याशी बोलू लागते. बंदुकीचेही तसेच आहे. फक्त अक्षरे बारीक आहेत आणि लपलेली आहेत.

कोठे पाहावे, काय वाचावे

बंदुकीच्या वरच्या पट्टीवर जे नाव सुबक कोरलेले असते, त्यावर एकदम विश्वास ठेवू नका. ते पुष्कळदा विक्रेत्याचे असते. कलकत्ता, मुंबई, मद्रास येथील पेढ्या बर्मिंगहॅमहून माल मागवीत आणि त्यावर आपले नाव कोरून घेत. खरा दाखला नळीच्या खाली असतो. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, की काडतुसाच्या घराखालचा जो सपाट भाग दिसतो, तेथे. दुनळी असेल, तर प्रत्येक नळीवर स्वतंत्र मुद्रा असतात. म्हणूनच आमची डावी नळी मला उपयोगी पडली. हे काम मात्र परवानाधारक दुरुस्ती कारागिराकडूनच, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून मगच करवून घ्यावे.

आता काळ कसा ओळखावा? ब्रिटिश चाचणीचे नियम १८७५, १८८७, १८९६, १९०४, १९२५ आणि १९५४ या साली बदलले, आणि प्रत्येक बदलाबरोबर मुद्राही बदलल्या. त्यामुळे मुद्रांचा संच पाहिला, की बंदूक कोणत्या कालखंडात तपासली गेली हे सांगता येते.

नळीवर 'नॉट फॉर बॉल' असे शब्द असतील, तर ती १८७५ ते १८८७ या काळात तपासलेली आहे. एका गृहस्थांनी मला विचारले होते, की बंदुकीचा आणि चेंडूचा संबंध काय? येथे 'बॉल' म्हणजे एकसंध गोळी. तोंडाशी निमुळत्या केलेल्या, म्हणजे 'चोक' असलेल्या नळीतून अखंड गोळी झाडू नये, केवळ छर्रे झाडावेत, असा तो इशारा. १८८७ नंतर याच जागी नुसता 'चोक' हा शब्द आला. त्याच नियमांपासून शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत '१२' आणि 'सी' अशी खूण दिसते. ती काडतुसाच्या घराचे माप सांगते.

हा 'बारा' म्हणजे काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. नळीच्या पोकळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतो, तो बारा बोअर. म्हणजे पोकळीचा व्यास ०.७२९ इंच. तेराचा ०.७१० इंच. म्हणूनच बारा बोअरच्या बंदुकीवर '१३' असा आकडा दिसला, तर घाबरू नये. नळी किंचित अरुंद घडवली आहे, एवढाच अर्थ. मात्र मुद्रेवर '१३' आणि आज मोजल्यावर बाराहून मोठी पोकळी, असे आढळले तर सावध व्हा. कोणीतरी गंज काढण्यासाठी नळी आतून घासली आहे, भिंत पातळ झाली आहे, आणि मुद्रेने दिलेली हमी संपलेली आहे.

दारू बदलली, धोका वाढला

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बंदुकीत काळी दारू वापरली जाई. नंतर धूरविरहित दारू आली. तिला ते 'नायट्रो' म्हणतात, आणि तिचाच एक प्रकार 'कॉर्डाइट'. हिची ताकद आणि दाब दोन्ही वेगळे. १८९६ च्या नियमांनी तिच्यासाठी स्वतंत्र चाचणीची सोय केली आणि 'नायट्रो प्रूफ' असे शब्द उठू लागले. १९०४ पासून त्याची 'एनपी' ही संक्षिप्त मुद्रा झाली. बर्मिंगहॅममध्ये मुकुटाखाली 'एनपी'. लंडनमध्ये वाकडी तलवार उगारलेला चिलखती हात आणि त्याखाली 'एनपी'. त्याच वर्षी बर्मिंगहॅमने राजदंडांची फुली बाजूला ठेवून मुकुटाखाली 'बीपी' आणि 'बीव्ही' या सुटसुटीत मुद्रा घेतल्या.

तेव्हा नियम सोपा आहे. नळीवर 'नायट्रो' किंवा 'एनपी' कोठेच नसेल, तर ती केवळ काळ्या दारूसाठी तपासलेली आहे. आज दुकानात मिळणारे कोणतेही काडतूस त्या नळीसाठी नाही.

दुसरा सापळा काडतुसाच्या लांबीचा. जुन्या बारा बोअरचे घर पुष्कळदा अडीच इंचांचे, म्हणजे साधारण ६५ मिलिमीटर काडतुसाचे असते. आजची अनेक काडतुसे ७० मिलिमीटरची आहेत. ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असल्यामुळे ते आखूड दिसते आणि जुन्या घरात सहज बसते. बसले, म्हणजे चालेल, असे वाटते. उडताना मात्र ते उघडून पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. 'इतकी वर्षे उडवतोय, काही झाले नाही' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. नळी प्रत्येक वेळी थोडे सोसते. ती नोंद ठेवते, सांगत नाही.

रायफलींची भाषा अधिक स्पष्ट आहे. तेथे 'कॉर्डाइट ७०–४८० मॅक्स' असे कोरलेले आढळते. म्हणजे ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनांची गोळी, ही कमाल मर्यादा. आपल्या सराफाच्या भाषेत सांगायचे तर एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. तेव्हा ही गोळी अडीच तोळ्यांहून थोडी जड. हा भार ०.४५० इंची 'नायट्रो एक्स्प्रेस' रायफलीचा. आणि गंमत, खरे तर भीती, अशी की याच मापाची, सव्वातीन इंच काडतुसाची काळ्या दारूची रायफलही होती. काडतूस दोन्हींत सारखेच बसते. फरक सांगणारी एकच गोष्ट : नळीवरची मुद्रा. ती पुसली, की दोन रायफली जुळ्या दिसू लागतात, आणि त्यांतली एक माणूस मारणारी असते.

साम्राज्याच्या भीतीची नोंद

या ०.४५० च्या आकड्यात आपल्या इतिहासाचे एक पान दडले आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपीय मात्र त्यातून मुक्त. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारले. आपल्याच देशात शस्त्राला मुकलेला समाज किती अपमान सोसत होता, हे त्या काळची राष्ट्रीय सभेची भाषणे वाचली तरी कळते. वंशावर आधारलेला हा भेद पहिल्या महायुद्धानंतरचे नवे नियम येईपर्यंत टिकला.

त्याच भीतीतून, १९०७ च्या सुमारास, सरकारने हिंदुस्थानात ०.४५० मापाच्या रायफलींच्या आयातीला बंदी केली. कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळीही ०.४५० इंचाची. शिकारीच्या नावाखाली आलेला दारूगोळा त्या रायफलींत जाईल, ही धास्ती. परिणाम असा झाला, की लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारखानदारांना हिंदुस्थानी बाजारासाठी नवी मापे काढावी लागली : ०.४६५, ०.४७०, ०.४७५, ०.४७६. आज जगभरचे शिकारशास्त्राचे अभ्यासक ०.४७० चे गुणगान करतात. त्या मापाच्या प्रसारामागे हिंदी माणसाच्या हाती शस्त्र जाण्याची भीती उभी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सत्ताधाऱ्याची भीती अशी पोलादात कोरलेली क्वचितच पाहायला मिळते.

ती भीती निराधारही नव्हती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून गुप्तपणे आलेल्या पिस्तुलांपैकी होते. ब्राउनिंग पिस्तुले बेल्जियममध्ये घडत आणि तेथील ल्येजच्या चाचणीगृहाची मुद्रा घेऊन जगभर जात. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. कंपनीच्या दप्तरी प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक नोंदलेला होता. पुढे जेथे जेथे एखादे पिस्तूल पकडले गेले, तेथे तो क्रमांक पोलिसांना मूळ घटनेकडे घेऊन जाई. मुद्रा कोणाची बाजू घेत नाही. जे घडले ते सांगते. साक्षीदाराचा हाच धर्म आहे.

वारसा आणि कायदा

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. जव्हारच्या रानापासून राधानगरीपर्यंत ज्या रायफली एकेकाळी फिरल्या, त्या कपाटांत गेल्या. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावयाच्या, निकालानंतर परत आणावयाच्या, एवढाच त्यांचा प्रवास उरला. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली आणि वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रांनाही तीच मर्यादा लागली. अनेक घरांपुढे प्रश्न उभा राहिला, की कोणते ठेवावे आणि कोणते द्यावे? बहुतेकांनी जे चकचकीत ते ठेवले आणि जे काळे पडलेले ते दिले. एखाद्या घराने स्वस्तातली नवी ठेवून लंडनची शंभर वर्षांची रायफल ठाण्याच्या कोठारात टाकली असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. वाचता येत नसेल, तर निवड कशाच्या आधारे करणार?

कायद्याची आणखी एक बाजू ध्यानात ठेवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ८ सांगते, की शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे, बदलणे, बनावट उठवणे हा अपराध आहे. आणि ज्याच्या ताब्यात असे खूण पुसलेले शस्त्र सापडेल, त्यानेच ती पुसली असे सामान्यतः गृहीत धरले जाते. तेव्हा घासकाम हे केवळ इतिहासाचे नुकसान नाही. पुराणवस्तू ठरणाऱ्या, दुरुस्तीनेही वापरात येऊ न शकणाऱ्या शस्त्रांना कलम ४५ मध्ये सवलत आहे. परंतु आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे आपण घरी बसून ठरवू नये, सक्षम अधिकाऱ्याला विचारावे. आणि नळीवर बाणाची खूण दिसली, तर ती सरकारी मालकीची निशाणी आहे. बाणाखाली 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन बाणांची टोके एकमेकांना भिडलेली असतील, तर तो माल सरकारने रीतसर विकलेला. या तीन खुणांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे.

सत्तावनची बंदूक

शेवटी आमच्या बंदुकीकडे परत येतो. ते वरिष्ठ गृहस्थ निवृत्त होण्यापूर्वी मी त्यांना एकदा घरी आणले. त्यांनी डावी नळी उन्हाकडे तिरकी धरली, भिंगातून पाहिले आणि मला लिहायला सांगितले : मुकुट आणि राजदंडांची फुली, कोनांत बी-पी-सी, तशीच दुसरी, व्हीसह, '१३', आणि 'नॉट फॉर बॉल'. नायट्रोचे चिन्ह नाही. म्हणजे बर्मिंगहॅम, १८७५ ते १८८७, काळी दारू, निमुळती नळी.

वडील शेजारी बसले होते. त्यांनी विचारले, "मग सत्तावनची नाही?"

"नाही," ते म्हणाले. "सत्तावननंतर अठरा वर्षे तरी हिचा जन्मच झाला नव्हता."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, त्यांना वाईट वाटले. आपण लहानपणापासून ऐकलेली कथा एका परक्या माणसाने भिंग धरून खोटी ठरवावी, हे सोपे नसते. मग ते म्हणाले, "तिच्यात नवी काडतुसं घालून मी बारा-पंधरा वर्षं डुकरं मारली. हा माझ्या शेजारी उभा असायचा." हा, म्हणजे मी.

त्या दिवसानंतर ती बंदूक आमच्या घरी उडाली नाही. पूजा मात्र दरवर्षी होते. आमच्या घराण्याचा अभिमान कमी झाला का? मला तसे वाटत नाही. सत्तावनच्या वीरांना आमच्या बंदुकीची साक्ष लागत नाही. त्यांचा पराक्रम स्वयंसिद्ध आहे. आणि १८७८ च्या कायद्यानंतरही ज्या हिंदी शेतकऱ्याने परवान्यासाठी साहेबाच्या कचेरीत खेटे घालून आपल्या वाडीच्या रक्षणासाठी बंदूक मिळवली, त्या आमच्या पूर्वजाची खरी कथा मला त्या दंतकथेहून लहान वाटत नाही. ती फक्त आम्ही कधी विचारलीच नव्हती. सत्याने स्वाभिमान दुखावत असेल, तर तो स्वाभिमान नव्हे, सवय आहे.

उद्या पूजेपूर्वी एवढे करा. चाक, सँडपेपर, विटेची भुकटी काही लावू नका. मऊ फडके आणि हलके तेल पुरे. वहीचे एक पान घ्या. नळीवर, पट्टीवर, दस्त्याच्या लोखंडावर जे जे अक्षर, अंक, मुकुट, फुली दिसेल, ते जसे आहे तसे, जेथे आहे तेथे चितारून ठेवा. अर्थ लागला नाही तरी लिहा. भ्रमणध्वनीवर उजेड तिरका पाडून छायाचित्र घ्या. तो कागद परवान्याच्या पुस्तकासोबत ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, बंदूक कोणी, कोठून, कशासाठी आणली; तेही त्याच पानावर लिहा. आणि मुद्रेने परवानगी दिलेली नसेल, तर दसऱ्याच्या आनंदातही ती झाडू नका.

मग हळदकुंकू लावा. मुद्रेवर नको, थोडे बाजूला.